मनू, तू मागितलेलं लिहून पाठवतोय

मनू,

पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर बघितला. माझ्या फोनवर नाही आला, ते बरोबरच आहे. रविवारी रात्री मी जे बोललो ते बोलायला नको होतं, निदान तू ताटावर असताना तरी नको होतं. सोमवारी पहाटे तू डबा न घेता तपोवन एक्स्प्रेस पकडायला निघालीस तेव्हा मी गॅलरीतच उभा होतो, रिक्षा वळेपर्यंत बघत होतो, हाक मारायची होती पण आवाजच फुटला नाही.

असो. भांडणाच्या आधी तू एक गोष्ट मागितली होतीस. १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन, त्या दिवशी सेकंड इयरच्या पोरांचा क्लास सरांनी तुझ्याकडे दिलाय, फिटच्या पेशंटची हिस्टरी कशी घ्यायची आणि समोर फिट आली तर काय करायचं. त्यासाठी तुला माझ्याकडून लिहून हवं होतं की पहिल्यांदा झालं तेव्हा मी नक्की काय बघितलं. म्हणालीस, बाबा, माझी फिट मी सोडून घरातल्या सगळ्यांनी बघितलीये. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो. ज्यावरून आपलं वाजलं त्या तुझ्या इंटर्नशिपच्या नाइट ड्युटीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, आईला तसं कबूल केलंय.

तर तो नळाचा दिवस. बारावीचा जानेवारी, कोपरीचं जुनं घर, पाणी पहाटे साडेपाचला यायचं. तू अडीच वाजेपर्यंत फिजिक्स करत बसली होतीस आणि आईने पाचला उठवलं, म्हणजे अडीच तास झोप. तू मोरीच्या दारात ब्रश घेऊन उभी होतीस, मी नळाखाली बादली लावलेली. आधी तुझ्या हातातला ब्रश उडाला. पडला नाही, उडाला, समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला. मी म्हटलं, अगं लक्ष कुठंय तुझं. मग दोन्ही खांदे दोनतीनदा उडाले, मागून कुणी दचकवल्यासारखे, आणि मग घशातून एक आवाज आला, तो मला लिहिता येत नाही, आणि तू ताठ होऊन खाली. डोळे उघडे होते, बुबुळं वर गेलेली. ओठ निळे पडले. मग हातपाय झटकायला लागले, दोन्हीकडचे सारखेच, आधी एका बाजूचे आणि मग दुसऱ्या असं नाही. हे परळच्या डॉक्टरबाईंनी मला तीनतीनदा विचारलं होतं म्हणून इतकं नक्की सांगतोय. डोळे उघडे की मिटलेले, हेही विचारलं होतं. कपडे ओले झाले. जीभ कडेला चावली गेली. थांबलं तेव्हा तू घोरल्यासारखा श्वास घेत होतीस, आणि नंतर दहाबारा मिनिटं तुला आम्ही कोण ते कळत नव्हतं. आईला तू काकू म्हणालीस. ती अजून ते आठवून रडते, तुझ्यासमोर नाही रडत.

किती वेळ चाललं ते विचारशील. मला विचारलं असतंस तर मी अर्धा तास म्हटलं असतं आणि शपथेवर म्हटलं असतं. पण तू पडलीस तेव्हा बादली निम्मी भरलेली होती आणि तू सैल पडलीस तेव्हा पाणी नुकतंच काठाला आलं होतं. हे मला दवाखान्यात बसल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आल्यावर मी तीच बादली लावली आणि निम्म्यापासून काठापर्यंत घड्याळ बघितलं. दीड मिनिट. पोरांना हे जरूर सांग, कारण घरचे जी वेळ सांगतात ती त्यांच्या भीतीची वेळ असते. त्यांना विचारा की गॅसवर काय होतं, टीव्हीवर काय लागलं होतं, कुकरची शिट्टी झाली होती का. पाच मिनिटांच्या वर गेली तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल, हे तूच मला शिकवलंस.

आता चमचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझा पुढचा दात तू पडल्यामुळे तुटला असं मी आणि आईने तुला सांगितलं, ते खरं नाही. मी ओट्यावरचा स्टीलचा चमचा घेतला आणि जोर लावून तुझ्या दातांत घातला. दातखीळ बसेल, जीभ गिळली जाईल, आमच्या मुरबाडकडे हेच करायचे, सुमाआत्याला फिट आली की सगळ्यांना हेच करताना मी लहानपणापासून बघितलेलं. शेजारचे काका चप्पल घेऊन आले नाकाशी धरायला, कुणी कांदा फोडून आणला, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. दात त्या चमच्याने तुटला, मनू. तू फर्स्ट इयरला असताना जेवताना सांगत होतीस की जीभ गिळली जात नाही, तोंडात काहीही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवून कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं बस, तेव्हा मी ताट उचलून मोरीत गेलो होतो ते त्यामुळे. क्लासमध्ये हे सांग. माझ्या बाबांनी केलं असं म्हणून सांग.

पण त्याआधीचे तीन महिने जास्त महत्त्वाचे आहेत असं मला आता वाटतं. दिवाळीपासून सकाळी सकाळी तुझ्या हातातून कप उडत होते. एकदा चहा वहीवर, एकदा कंगवा थेट खिडकीबाहेर. आई म्हणायची धांदरट झालीये, मी म्हणायचो रात्री मोबाइल बघते. आम्ही तुला त्याबद्दल रागावलो, ती रागावण्याची गोष्ट नव्हती. आणि जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे त्यांनी विचारलं फिट आली का, आम्ही हो म्हटलं, एमआरआय काढला, नॉर्मल आला, कार्बामाझेपिन लिहून दिलं, पाच मिनिटांत बाहेर. सकाळबद्दल कुणी विचारलं नाही आणि कपाचा आणि फिटचा संबंध असतो हे आम्हाला कुठून माहीत असणार. त्या गोळीने तुझे सकाळचे झटके उलट वाढले, तुला आठवत असेल, भर प्रिलिममध्ये पेन हातात ठरत नव्हतं. मग परळला गेलो. त्या बाईंनी फाइल उघडलीच नाही आधी. आईकडे वळून विचारलं, सकाळी उठल्यावर हिच्या हातातून वस्तू उडतात का? आई जी रडायला लागली. त्या एका प्रश्नावर निदान झालं गं, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे अडनिड्या वयात सुरू होणारा, सकाळच्या झटक्यांचा फिटचा आजार, हे लांबलचक नाव मी तेव्हाच पाठ केलं. गोळी बदलली. व्हॅल्प्रोएट चांगलं चालतं पण मुलगी आहे, पुढे बाळाला त्याने व्यंग येऊ शकतं म्हणून लेव्हेटिरासिटाम देते, असं त्यांनी समजावून सांगितलं. सतरा वर्षांच्या पोरीसमोर बाळंतपणाचं काय बोलतात म्हणून आईला राग आला होता. मला वाटतं त्या डॉक्टर पुढची दहा वर्षं बघत होत्या. तुझ्या पोरांना एवढंच शिकवलंस तरी पुष्कळ, की मशीनच्या आधी बघणाऱ्याला विचारा, आणि असं विचारा की त्याला गुन्हेगार वाटणार नाही.

ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या त्या तपासणीची, आदली रात्र आठवते? केसांना तेल नको, रात्रभर जागवून आणा म्हणाले होते. तू आणि मी तलावपाळीला दोन चकरा मारल्या, गडकरी रंगायतनसमोर बसलो, स्टेशनबाहेर चहा प्यायलो, मग घरी येऊन पहाटेपर्यंत पत्त्यांचा मेंढीकोट. तू मला सात कोट दिलेस. सकाळी डोक्याला त्या वायरी, मिचमिच करणारा दिवा, जोरजोरात श्वास घ्यायला लावला, आणि दिसलं पट्टीवर. तुला एक रात्र झोपू दिलं नाही की ते लगेच वर येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय मनू, स्क्रीनवर रेघा उड्या मारत होत्या. आणि आता तू छत्तीस छत्तीस तास

नको. लिहिणार नाही म्हटलं होतं.

पण एक सांगू दे, मग नाही बोलत. मी इतकी वर्षं टीएमटीची बस चालवतोय, शेवटच्या फेरीनंतर पहाटेची पहिली फेरी लागली की काय होतं ते मला कळतं, माणूस जागा असतो आणि नसतो. तू म्हणालीस सवलत घेणार नाही, सगळे इंटर्न करतात तेवढं मी करणार. कर ना, दिवसाच्या जास्त घे, रविवारच्या घे, पण लागोपाठच्या नाइट नको एवढंच सरांना सांग, ते शिकलेले आहेत, त्यांना कळेल. गोळी चुकवून आणि झोप चुकवून शौर्य होत नाही. तू पेशंटला हेच सांगतेस ना, मग स्वतःला

माफ कर. पुन्हा तेच झालं. लेक्चर द्यायचं नव्हतं.

रविवारी तू म्हणालीस, बाबा, सहा वर्षं तुम्हीच म्हणत होता कुणाला सांगू नको आणि आता तुम्हीच सांग म्हणताय. याचं उत्तर मला त्या वेळी आलं नाही, आणि तू ताट सरकवून उठलीस. उत्तर सुमाआत्या आहे. तिला लग्नानंतर आठव्या दिवशी परत आणून सोडली. नंतर ती आमच्याच घरी, फिटची ती जुनी गार्डिनल गोळी घेऊन दिवसभर पेंगलेली, देवऋषी झाला, अंगारे झाले, चुलीपाशी एकटी असताना फिट आली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा मी दहा वर्षांचा, मीच पाणी ओतलं. कायद्यातसुद्धा हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या शेजारी फेफऱ्याचं नाव होतं, १९९९ साली ते काढलं, म्हणजे तुझ्या जन्माच्या अगदी थोडं आधी. कायद्यातून निघालं म्हणून माझ्या मनातून निघालं नाही. डोंबिवलीच्या त्या स्थळाला मी, तू फक्त ॲसिडिटीची गोळी घेतेस, असं सांगितलं, तू ते ऐकलंस, त्यानंतर महिनाभर तू नीट बोलली नाहीस. चूक माझी होती. तेव्हा मला लोकांची भीती होती. आता तुझी वाटते, तुझ्यासाठी वाटते. आई हळूच म्हणाली की मनू एवढी चिडली ते त्या गोळीमुळेही असेल, चिडचिड होते म्हणतात. मी म्हटलं नाही, गोळीमुळे नाही, माझ्यामुळे.

एक चांगली गोष्ट सांगायची राहिलीये. एप्रिलमध्ये घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या अलीकडे, माझ्या गाडीत एका कॉलेजच्या मुलाला फिट आली. कंडक्टरने आवाज दिला, मी गाडी कडेला घेतली, मागे गेलो तर एकाच्या हातात चप्पल तयार. मी म्हटलं, खाली ठेवा, माझी मुलगी डॉक्टर आहे. असं म्हणालो मी, सगळ्या गाडीसमोर. त्याला दोन सीटच्या मधून बाहेर ओढलं, डोक्याखाली त्याचीच बॅग, वरचं बटण काढलं, हात धरले नाहीत, थांबल्यावर कुशीवर वळवला. कंडक्टरला घड्याळ बघायला लावलं, दोन मिनिटं आणि काही सेकंद. कुणी पाणी पाजायला आलं, तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत दिलं नाही. एक मुलगी व्हिडिओ काढत होती, पहिल्यांदा मला राग आला, मग तुझं आठवलं की डॉक्टरला व्हिडिओ सगळ्यात कामाचा, म्हणून तिला सांगितलं त्याच्या भावाला पाठव आणि तुझ्या फोनमधून काढून टाक. त्याला स्वतःचं नाव सांगता येईपर्यंत मी खाली बसलो होतो. चमचा असता तरी घातला नसता. त्या दिवशी तुला फोन करणार होतो, पण चमच्याचं सांगावं लागलं असतं म्हणून केला नाही.

तू स्लाइडमध्ये दाखवलंस ना, जगात ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट निदान नीट औषध मिळालं तर १०० पैकी ७० जण फिटशिवाय जगू शकतात. त्या सत्तरात तू आहेस, सहा वर्षं एकही नाही. सुमाआत्याही असती कदाचित, तिला कुणी नीट विचारलं असतं तर. क्लास घेणारी माझी मुलगी आहे हे मी डेपोत सगळ्यांना सांगितलंय, कशाचा क्लास तेही सांगितलं, आणि तिला स्वतःला आहे हे फक्त दोघांना सांगितलं. एक जण म्हणाला माझ्या भाचीला पण आहे, कुणाला दाखवू.

फ्रिजवर तुझी पट्टी राहिलीये, सहा गोळ्या आहेत. तिकडे घेतल्यास ना लगेच? सोमवारची रात्र चुकली नाही ना? आईने मेथीचे लाडू बांधलेत, उद्या कुरियर करतो, पट्टी पण त्यातच टाकतो.

आणि शेवटचं, जे मला खरं तर रविवारी विचारायचं होतं आणि ते न विचारता मी ड्युटीवरून ओरडत बसलो. रविवारी सकाळी तू नाइट करून आल्यावर पोहे खाताना तुझा चमचा उडाला. तू म्हणालीस घसरला. आई आत होती, तिने बघितलं नाही. मी बघितलं. तो भिंतीकडे गेला होता, मनू.

सकाळी हातातून काही उडतं का गं हल्ली?

बाबा