अलास्कातील डाल्टन महामार्ग

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी रस्त्याची चौकशी केली तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. फेअरबँक्सहून सकाळी लवकर निघून आम्ही संध्याकाळी कोल्डफूटला पोहोचलो. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर-मुंबईहून थोडेसेच जास्त. त्यातला बराचसा भाग डाल्टन महामार्गाचा. उत्तरेकडील तेलवाहिनीच्या कामासाठी १९७४ साली हा रस्ता अवघ्या पाच महिन्यांत बांधला गेला. शेवटपर्यंत जाण्याची मुभा सामान्य वाहनांना मात्र १९९४ मध्ये मिळाली.

बाबा, तुमची सारी नोकरी रस्त्यावरचे पाणी हटवण्यात गेली. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा निवृत्त असूनही तुम्ही भरावाच्या उंचीचाच हिशेब मांडत बसला होता. येथे भराव घालतात तो जमीन थंड राहावी म्हणून. खालची माती वर्षानुवर्षे गोठलेली असून तिच्यात बर्फाचे थर आहेत. ते वितळले की रस्ता खचतो. त्यामुळे वरचे शेवाळाचे आवरण शक्यतो न खरवडता त्यावरच खडी-मुरुमाचा काही फूट जाडीचा थर देतात. तरीही मध्येच गाडी अशी उसळते की आपला गगनबावड्याचा रस्ता बरा वाटावा.

तेलवाहिनी बहुतेक वेळ सोबतीला असते. आतले तेल गरम, म्हणून निम्म्याहून अधिक लांबी खांबांवर उचललेली आहे, आणि अनेक खांबांतून अमोनिया भरलेल्या बंद नळ्या जमिनीत उतरवल्या आहेत. हिवाळ्यात खालच्या उष्णतेने अमोनियाची वाफ होऊन ती वर येते, माथ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पंखांपाशी थंड होते आणि द्रव होऊन पुन्हा खाली उतरते. ना वीज लागते, ना पंप. हे पाहताना तुम्ही सोबत हवे होता, असे मला फार वाटले. युकॉन नदीवरचा पूल सुमारे ७०० मीटर लांब आणि चक्क उतरता असून वरचा पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा आहे.

आई, थंडीची काळजी करू नकोस. वाटेतल्या प्रॉस्पेक्ट क्रीकला १९७१ च्या जानेवारीत उणे ६२ अंशांची नोंद झाली होती हे खरे, परंतु आम्ही जूनमध्ये गेलो. त्रास झाला तो धुळीचा आणि डासांचा. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला व्हायचे, नाहीतर खडीने काच फुटते. वाटेत दुकाने जवळजवळ नाहीतच, त्यामुळे तू पाठवलेल्या भडंगावर दुपार निभावली. रात्री अंधार पडलाच नाही. पडदे ओढून झोपलो. कोल्डफूटच्या पुढे ३८६ किलोमीटर पेट्रोल मिळत नाही, म्हणून तेथूनच परत फिरलो.

खांबांचे आणि पुलाचे फोटो दादाच्या फोनवर पाठवले आहेत. फळ्या कशा बसवल्या असतील, याविषयी बाबांनी आपला अंदाज अवश्य कळवावा.

तुमची,
धाकटी