दाताची नस वाचवणाऱ्या डॉक्टरताईंना

डॉक्टरताई,

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, मुलांच्या दातांच्या विभागात, रोज इतकी पोरं बघितलीत की आमचं ध्यान तुम्हाला आठवणार नाही. आठ वर्षांचा मुलगा, पुढचा पक्का दात अर्धा तुटलेला, मधोमध उघड्या पडलेल्या नसेचा लाल ठिपका, आणि तुकडा दुधाच्या डबीत.

आमच्या गल्लीत पोट्टं पडलं की सगळेच डॉक्टर होतात. कोणी म्हणे दात काढून टाका, कोणी म्हणे रूट कॅनल करून मोकळे व्हा. तुम्ही मला एक्स-रेत मुळाचं टोक दाखवलंत. ते उघडंच होतं. पुढचा पक्का दात मूल सहा ते आठ वर्षांचं असताना बाहेर येतो, पण मूळ पुरं व्हायला त्यानंतर साधारण तीन वर्षं लागतात, आणि ते वाढवते आतली जिवंत नस. ती अख्खी काढली असती तर मूळ होतं तिथंच थांबलं असतं, भिंती पातळ राहिल्या असत्या, आणि पुढं एखाद्या धक्क्यात दात मुळातच मोडला असता.

म्हणून तुम्ही नसेचा वरचा जेमतेम 2 मिलिमीटर भाग काढलात. मग सलाइनचा ओला बोळा धरून रक्त थांबायची वाट बघितलीत. रक्त थांबलं म्हणजे खालची नस चांगली, असं तुम्ही म्हणालात तेव्हा कुठे माझे हातपाय ताळ्यावर आले. वरून बायोडेंटिन हे नस झाकायचं सिमेंट घातलंत, कारण एमटीए या तशाच दुसऱ्या सिमेंटनं पुढचा दात काळवंडू शकतो. पोराच्या दिसण्याचा इतका विचार मीही केला नव्हता! शेवटी त्याचाच तुकडा चिकटवलात.

निघताना तुम्ही सांगितलेलं मी आता शाळेच्या गेटवर आयांना सांगत असते: पक्का दात अख्खा निखळला तर मूळ न धरता वरून धरायचा, घासायचा नाही, लगेच जागेवर बसवायचा; जमलं नाही तर दुधात टाकून पळायचं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

वर्षाच्या तपासणीला आलो तेव्हा तुम्ही पी.जी. पूर्ण करून गेल्याचं कळलं. तो एक्स-रे तुम्ही पाहिला नाहीत, म्हणून कळवते: मुळाचं टोक मिटलंय. नस जिवंत आहे का बघायला दाताला थंड बोळा लावला तर साहेब ओरडले, “लागलं!” म्हणजे नस जिवंत आहे.

मनापासून आभार, ताई.

त्याची आई