पीक वाढले, वाटेकरी घटले

क्लातेन, मध्य जावा, इंडोनेशिया

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ज्या गावात बारमाही पाणी आहे आणि वर्षातून दोनदा, कधी तीनदा भाताचे पीक निघते, त्या गावातल्या मुली परक्या घरची कामे करायला हाँगकाँग आणि तैवानला का जातात, असे तू प्रबंधासाठी विचारले आहेस. दापोलीला पावसाळी एका पिकावर वर्ष काढणारी माणसे पाहिलेल्या तुला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. तुझ्या बाबांची सोलो शहरातल्या कापडगिरणीत बदली झाल्यापासून देलांगूजवळच्या या गावातल्या बायकांच्या सोबतीने मी जे पाहिले आणि ऐकले, त्यावरून माझे मत असे झाले आहे, की याचे उत्तर पीक किती आले यात सापडत नाही. ते पीक शेतातून निघून कोणाकोणाच्या घरी जाते, यात सापडते.

आधी जमिनीविषयी. मेरापी ज्वालामुखीच्या राखेने समृद्ध झालेली ही माती आहे आणि त्याच्या पायथ्याशी फुटणाऱ्या झऱ्यांचे पाणी पाटांनी खाचरांत येते. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे हे पाहणारा, ‘उलु-उलु’ म्हणून ओळखला जाणारा माणूस जावातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या असतो आणि उन्हाळी पिकाच्या वेळी त्याच्या शब्दाला मोठे वजन असते. परंतु खाचरे फार लहान आहेत. देशातल्या निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे आणि जावात ही स्थिती अधिकच तीव्र आहे. १९६० च्या जमीन कायद्याने कुटुंबाकडे किमान दोन हेक्टर असावेत असे ठरवले होते. ते कागदावरच राहिले. येथे मुलींनाही वडिलांच्या जमिनीत वाटा मिळतो, पुष्कळदा मुलाइतकाच, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. मात्र प्रत्येक पिढीत बांध वाढतात हेही खरे.

आता हिशेब कर. भाताचे देशातले सरासरी उत्पन्न हेक्टरी सव्वापाच टनांच्या आसपास आहे. एक तृतीयांश हेक्टर असलेल्या घराला एका हंगामात पावणेदोन टनांच्या आत भात मिळते. सरकारी अन्नधान्य महामंडळ ‘बुलोग’ याच्यासाठी खरेदीचा दर जानेवारी २०२५ मध्ये किलोला ६,००० वरून ६,५०० रुपिया झाला. त्या दराने सुमारे एक कोटी दहा लाख रुपिया, म्हणजे आपले साठ हजारांच्या आतबाहेर रुपये होतात. आणि त्यातून नांगरटीच्या यंत्राचे भाडे, खत, औषध, लावणीची मजुरी वजा जायची आहे. जमीन दुसऱ्याची असेल, तर ‘मारो’च्या रिवाजाने अर्धे पीक मालकाला जाते. एवढ्यावर चार महिने चालवायचे असतात. गावच्या मुखियाला आणि इतर कारभाऱ्यांना मात्र पगाराऐवजी गावाची जमीन कसायला देण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे चांगले मोठे तुकडे बहुधा त्यांच्याकडेच दिसतात.

तरीही ज्यांच्याकडे अजिबात जमीन नव्हती ते पूर्वी जगले, ते कापणीच्या हिश्शावर. गावातल्या वृद्ध बायका ही हकीकत अजून तपशिलाने सांगतात. कापणी ‘आनी-आनी’ नावाच्या, तळहातात मावणाऱ्या लहानशा पात्याने, एकेक लोंबी खुडून होई. धान्याची देवी देवी श्री हिला धारदार शस्त्राची भीती वाटू नये म्हणून पाते मुठीत लपवायचे, अशी श्रद्धा होती. शेत पिकले की शेजारपाजारच्या बायका आपणहून येत आणि त्यांना परत पाठवणे मालकाला शोभत नसे. प्रत्येकीने जेवढे खुडले त्याचा ठरलेला हिस्सा, कोठे आठवा तर कोठे दहावा, तिला घरी नेता येई. याला ‘बावोन’ म्हणतात. ते धान्य पुढे लाकडी उखळात कांडायचे कामही बायकांचेच, आणि त्याचीही मजुरी मिळे.

हरित क्रांतीचे अधिक उत्पन्न देणारे वाण आले आणि ही घडी मोडली. त्या वाणांचे ताट बुटके आणि पीक एकदम तयार होणारे असल्याने विळ्याने कापणे सोयीचे झाले. मालक उभे पीकच व्यापाऱ्याला विकू लागले. या ‘तेबासान’ व्यवहारात व्यापारी स्वतःची टोळी घेऊन येतो, आणि गावच्या बायकांना नाही म्हणण्याचा जो संकोच मालकाला वाटे, तो त्याला वाटत नाही. १९७० च्या सुमारास लहान भातगिरण्या गावोगावी पोहोचल्या आणि थोड्याच वर्षांत लाखो बायकांचे कांडपाचे काम गेले. आता कापणी-मळणीचे यंत्र एका फेरीत सगळे उरकते.

ते वाण वाईट होते असे माझे म्हणणे मुळीच नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस जगात सर्वाधिक तांदूळ आयात करणारा हा देश १९८४ मध्ये स्वयंपूर्ण झाला आणि पोटभर भात मिळू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. औषधांच्या अतिवापराने तपकिरी तुडतुडे आटोक्याबाहेर गेले, तेव्हा १९८६ मध्ये सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घातली आणि पुढे शेतकऱ्यांसाठी बांधावरच्या शाळा सुरू केल्या; याचा अभ्यास तू अवश्य कर. परंतु उत्पन्न वाढत असताना त्यावर हक्क सांगणारे हात कमी होत गेले, आणि ही गोष्ट टनांच्या तक्त्यात दिसत नाही.

बाहेर पडलेले हात मग कारखान्यांकडे, शहरांकडे आणि समुद्रापार गेले. आमच्या शेजारणीची थोरली मुलगी तैवानमध्ये एका वृद्धेची शुश्रूषा करते. तिच्या पैशांतून घराला फरशी आली, धाकट्याचे शिक्षण चालले आहे, आणि तिचे स्वतःचे मूल आजीजवळ वाढते आहे. त्या मुलाकडे पाहिले की मला हा व्यवहार फायद्याचा म्हणवत नाही. गावाजवळची नोकरीही भरवशाची नाही: शेजारच्या सुकोहार्जो जिल्ह्यातली प्रचंड कापडगिरणी मार्च २०२५ मध्ये बंद पडली आणि दहा हजारांहून अधिक कामगार घरी आले. पूर्वी अशा वेळी शेत माणसांना सामावून घेई. आता शेतात त्यांच्यासाठी काम उरलेले नाही.

तरी गाव निराधार झाले आहे असे समजू नकोस. घराचा पैसा बायकांच्या हाती असतो आणि बाजारही त्याच चालवतात. आपल्या भिशीसारखी ‘आरिसान’ प्रत्येक आळीत आहे. कापलेल्या खाचरात बदके चरायला सोडतात, तिसऱ्या हंगामाला पाणी कमी पडले तर मूग, सोयाबीन किंवा मका घेतात. याच जिल्ह्यातल्या पोंगोक गावाने आपल्या झऱ्यावर पर्यटकांसाठी पोहण्याची सोय करून गावाच्या मालकीचा उद्योग उभा केला, त्यात रहिवाशांनी पैसे गुंतवले आणि त्याचे उत्पन्न गावात राहिले. २०१४ च्या ग्रामकायद्यानंतर केंद्राकडून थेट गावाला निधी मिळतो. त्यातून पाट आणि रस्ते चांगले झाले आहेत, भूमिहीनांच्या उत्पन्नात मात्र त्याने फारसा फरक पडल्याचे मला येथे दिसलेले नाही.

पावसाळी पिकाची कापणी येथे मार्च-एप्रिलमध्ये असते. तेव्हा तुला सुट्टी मिळाली तर ये. मालकांची भेट मी केव्हाही घडवून देईन. आधी व्यापाऱ्याच्या टोळीतल्या मजुरांशी आणि यंत्राच्या मागे सांडलेल्या लोंब्या वेचणाऱ्या बायकांशी बोल, कारण त्या कापणी संपली की दिसत नाहीत.

तुझी,
आई