गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नका, हा सल्ला तपासून घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी मोटार विकत घेताना इंजिन, टायर, बॅटरी आणि कागदपत्रे कशी पाहावीत, याविषयी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत अलीकडे उपयुक्त माहिती आली होती. तीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा उल्लेख नव्हता, म्हणून हे पत्र. गुडघ्यांनी क्लच दाबण्यास नकार दिल्यावर माझ्यासारखी निवृत्त माणसे वापरलेल्या ऑटोमॅटिक मोटारीकडे वळतात आणि गाडी दारात आल्यानंतर हे ऑइल बदलावे की जसे आहे तसे राहू द्यावे, या प्रश्नावर अडतात. मीही अडलो होतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी पुण्याहून २०१६ सालची, ८४ हजार किलोमीटर चाललेली मोटार आणली. तिच्याबरोबर सर्व्हिसची एकही पावती नव्हती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, तेव्हा हे ऑइल ‘लाइफटाइम’ असून बदलण्याची गरज नाही, असे सांगण्यात आले. नाशिकच्या सिडकोतील एका अनुभवी मिस्त्रींनी, ‘काका, गाडी चालतेय ना? मग हात लावू नका, नवीन ऑइल पडलं की महिन्यात गिअरबॉक्स बसतो,’ असे बजावले. तिसऱ्या ठिकाणी यंत्र लावून सगळे ऑइल त्याच दिवशी पालटून देण्याची तयारी होती आणि त्यावर सवलतही होती. तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले याचे मला नवल वाटले नाही. नवल याचे वाटले, की तिघांपैकी एकानेही बॉनेट उघडून गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) बाहेर काढली नाही.

माझी ३२ वर्षे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत गेली. तेथे ऑइल बदलायचे की नाही, असा प्रश्न कोणी विचारत नसे. ऑइल कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारले जाई आणि त्याचे उत्तर नमुना काढून, पाहून, हुंगून दिले जाई. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे आतून पुष्कळसे हायड्रॉलिक यंत्रच आहे. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागात) ऑइलच्याच माध्यमातून पुढे जाते. त्याच ऑइलच्या दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात आणि गिअर पडतो. दातेरी चाकांना वंगणही तेच देते आणि आतली उष्णता बाहेर वाहून नेण्याचे कामही त्याच्याकडेच असते. शिवाय प्लेटा किती सरकाव्यात आणि कुठे पकडाव्यात, हे ऑइलमधील घर्षण सांभाळणाऱ्या घटकांवर ठरते. (पूर्वी अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जात असे आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यावर बंदी आल्यावर कंपन्यांना पर्याय शोधावे लागले, हे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही.) इतकी कामे करणारा द्रव कायम ताजा राहील, ही समजूत देखभालीत आयुष्य घालवलेल्या माणसाला तरी पटत नाही.

‘लाइफटाइम’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आयुष्य कोणाचे? गिअरबॉक्सचे, मोटारीचे, की पहिल्या मालकाकडे ती राहील तेवढ्या वर्षांचे? अनेक नामांकित मोटारींना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीतील झेडएफ ही कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल वापराच्या ताणानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, आणि तेवढे अंतर झाले नसले तरी आठ वर्षांनी बदलण्याचा सल्ला देते. गिअरबॉक्स बनवणारा असे सांगत असताना तो बसवून विकणाऱ्याचा शब्द अंतिम मानण्याचे मला कारण दिसत नाही. अनेक कंपन्यांच्या मालक-पुस्तिकांतही कठीण वापरासाठी वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. ते पान मात्र फारसे कोणी उघडत नाही.

नाशिकचा वापर त्या पानावरचाच आहे, असे मी म्हणेन. द्वारका आणि मुंबई नाक्याची संध्याकाळ, एप्रिल-मे महिन्यांतला चाळिशीला टेकणारा पारा, सणावाराला पाच माणसे आणि सामान भरून वणीच्या गडाची चढण किंवा परतीचा कसारा घाट, हे सगळे ऑइलला तापवणारे आहे. सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टर आतून ‘लॉक’ होतो, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू एकत्र जखडल्या जातात, आणि उष्णता कमी निर्माण होते. रांगत चालताना किंवा चढणीला कुथताना तो बहुधा मोकळा असतो आणि आतले ऑइल नुसते घुसळले जाते. साधारण ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे दर दहा-अकरा अंशांमागे ऑइलचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्या गाडीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, की मीटरवर केवळ अंतर दिसते, सिग्नलला आणि कोंडीत गेलेले तास दिसत नाहीत. मीटर मागे फिरवलेला नाही, एवढे येथे गृहीत धरले आहे.

आता मिस्त्रींचा सल्ला. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यामागे पाहिलेला अनुभव आहे. चूक आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. दीड-दोन लाख किलोमीटर ऑइलकडे कोणी पाहत नाही, मग गिअर घसरू लागतो, रेस दिली तरी गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा मालक गॅरेजमध्ये येतो आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणून ऑइल बदलले जाते. त्यानंतर गिअरबॉक्स महिनाभरात बसला, तर दोष नव्या ऑइलला मिळतो. शेवटची घटका मोजणाऱ्याच्या तोंडात घातलेल्या गंगाजळाला मृत्यूचे कारण म्हणावे, तशातला हा प्रकार आहे. तरीही त्यात एक अंश खरा आहे. झिजलेल्या प्लेटांची भुकटी जुन्या ऑइलमध्ये तरंगत असते आणि तिच्यामुळेच कशीबशी पकड टिकलेली असू शकते. नव्या ऑइलमधील साफ करणारे घटक वर्षानुवर्षांचा थर सोडवतात आणि तो व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत जाऊन अडकू शकतो. म्हणून जो गिअरबॉक्स आधीच घसरतो आहे, झटके देतो आहे किंवा ज्याच्या ऑइलला जळका वास आहे, त्याचे आधी निदान करून घ्यावे. तेथे ऑइल बदलणे हे औषध नव्हे आणि मालकाला तसे आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. जो गिअरबॉक्स सुरळीत चालतो आहे, त्याला मात्र हा सल्ला लावू नये. बदलायची वेळ तीच असते.

ही पारख करायला पंधरा मिनिटे पुरतात. माझ्या गाडीला डिपस्टिक आहे. गाडी चांगली तापवून, सपाट जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून आणि ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी दोन-दोन सेकंद थांबवत फिरवला, परत ‘पार्क’मध्ये आणला आणि मग डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसली. (काही कंपन्या हीच तपासणी इंजिन बंद करून लगेच करायला सांगतात, तेव्हा पुस्तिका आधी वाचावी.) मुळात लाल असलेले ऑइल कोऱ्या चहासारखे झाले होते, पण वास जळका नव्हता आणि फडक्यावर कण उतरले नाहीत. ते दुधट गुलाबी दिसले असते, तर रेडिएटरमधून पाणी शिरल्याची शंका घेऊन गाडी तेथेच थांबवली असती. नुसत्या रंगावर मात्र विसंबू नये, कारण सगळ्याच कंपन्यांचे ऑइल लाल नसते. नव्या पुष्कळ गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेथे ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून पातळी पाहावी लागते आणि ते काम लिफ्ट व तापमान दाखवणारे स्कॅनर असलेल्या ठिकाणीच करावे.

यंत्राने सगळे ऑइल एकदम पालटण्याचा मार्ग मी टाळला. प्लग उघडून निथळू दिले, तर चेंबरमधले (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यातले) तेवढेच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते; साधारण चाळीस टक्के निघाले असे धरले, तर पहिल्या खेपेनंतर साठ, दुसरीनंतर छत्तीस आणि तिसरीनंतर बावीस टक्के जुने ऑइल उरते. हजार-दीड हजार किलोमीटरच्या अंतराने तीन खेपा केल्या, की बदल हळूहळू होतो आणि सुटलेला गाळ प्रत्येक वेळी थोडा थोडा बाहेर पडतो. पहिल्या खेपेला चेंबर उतरवून फिल्टर बदलला. आतल्या चुंबकावर काजळासारखा बारीक करडा थर होता, तो या वयाला स्वाभाविक आहे. धातूचे टवके निघाले असते, तर पुढचा खर्च मी थांबवला असता. निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात मोजून तेवढेच नवे भरायला लावले आणि नंतर गाडी तापवून पातळी पुन्हा पाहिली. मिस्त्रींना हे जरा किचकट वाटले, पण त्यांनी केले.

ऑइल कोणते, याबाबत मात्र तडजोड नको. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालते’ असे डब्यावर लिहिलेले असले, तरी पुस्तिकेतील मानकच पाहावे. सीव्हीटी या ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक प्रकारात पट्टा किंवा साखळी आणि पुली यांच्या पकडीवर सगळा कारभार असतो. त्यात साधे ऑटोमॅटिकचे ऑइल घातले, तर गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आलेल्या एएमटीलाही लोक ऑटोमॅटिकच म्हणतात, पण तो आतून साधा गिअरबॉक्सच असून क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्याला गिअर ऑइल लागते आणि वरची चर्चा त्याला लागू होत नाही. आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हे न कळताच ऑइलवर वाद घालणारे मी पाहिले आहेत.

हा सगळा खटाटोप टळला असता, जर ऑइल आधी कधी बदलले होते याचा एक कागद मिळाला असता. सर्व्हिस सेंटरच्या संगणकात गाडीच्या नंबरावर प्रत्येक कामाची नोंद असते. माझ्या नावावर झालेले आर.सी. दाखवून मी ती मागितली, तेव्हा आधीच्या मालकाचे पत्र आणा, असे उत्तर मिळाले. त्यांचे नाव, पत्ता, फोन मला नको होता. कोणत्या किलोमीटरला कोणते काम झाले, एवढेच हवे होते. ही नोंद नावे झाकून नव्या मालकाला मिळावी आणि जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनीही गिअरबॉक्सचा प्रकार व शेवटच्या ऑइल-बदलाची नोंद, किंवा नोंद नसल्यास तसे, विक्रीच्या कागदावर लिहून द्यावे, ही माझी मागणी आहे. आपल्या दैनिकाने ती लावून धरल्यास बरे होईल.

एक लहानशी गोष्ट राहिली. निघालेले तीन लिटर ऑइल मी कॅनमध्ये भरून घरी आणले, कारण गॅरेजमध्ये ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावण्यासाठी कोणी तरी घेऊन जातो, असे कळले. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. कुंभमेळ्याच्या तोंडावर गोदावरी आणि नासर्डी या नद्यांच्या स्वच्छतेवर एवढे बोलले जात असताना, सामान्य नागरिकाने असा कॅन शहरात नेमका कोठे नेऊन द्यावा, हे महापालिकेने पत्त्यासह जाहीर करावे. माझ्या अजून दोन खेपा व्हायच्या आहेत.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ
इंदिरानगर, नाशिक