कच्चा कोअर सांगणाऱ्या बाईची मजुरी

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या कारखान्याचा वर्धापनदिन होता. कुटुंबासह बोलावणं होतं, म्हणून मीही गेलो. फाटकातून आत शिरलं की समोरच मोठा फलक आहे. त्यावर कंपनीची मूल्यं लिहिलेली आहेत : सचोटी, परस्परांवर विश्वास, संघभावना. सगळं इंग्रजीत. भाषणं झाली, बक्षिसं वाटली, जेवणं झाली. एवढा वेळ पलीकडच्या शेडमधल्या मशिनी चालूच होत्या. त्यांच्यावर कंत्राटी मुलं उभी होती. त्यांना मंडपात का बोलावलं नाही असं विचारलं, तर पुतण्या म्हणाला, ‘काका, ती आपल्या पगारपटावर नाहीत ना.’ तो मनानं चांगला मुलगा आहे. पण त्याचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी इचलकरंजीचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं काढली. मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, म्हणून लागलो आणि साचेखात्याचा सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो.

माझे वडील मागावर होते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गावच मागावर जगलं. साध्या यंत्रमागाचं एक दुखणं आहे. ताण्यातला उभा धागा तुटला तरी तो चालतच राहतो. एका माणसाकडे चार-सहा माग. पाठ वळली की इकडे वीतभर कापडात दोष उतरलेला असतो. दोष सापडला की मजुरीतून कपात. मी लहान असताना वडिलांना डबा पोचवायला जात असे. एकदा ते कापडाची घडी अशी घालत होते की दोषाची जागा आत जावी. मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी मान फिरवली. माझे वडील लबाड नव्हते. शेजारून वाटीभर साखर आणली तर परत करताना शीग लावून द्यायचे. पण घरी सात माणसं होती, आणि दोष दाखवला असता तर त्या आठवड्याचं दूध बंद झालं असतं.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला. १९२४ मधला त्यांचा स्वयंचलित माग जगभर गाजला. पुढे त्यांच्या मुलानं मोटारींचा कारखाना काढला. त्या कारखान्यात काही खोट दिसली तर साध्या कामगारानंही दोरी ओढावी, वेळ पडली तर सगळी लाइन थांबवावी, अशी पद्धत रुजली. हे मी नोकरीत असताना एका प्रशिक्षणात ऐकलं, तेव्हा मला वडिलांची ती घडी आठवली.

आमच्या फाउंड्रीतही सुरुवातीला तेच चालायचं. आम्ही इंजिनाची सिलेंडर हेड ओतत होतो. नग रिजेक्ट झाला की मोल्डरला दंड. त्यामुळे वाळू ओली राहिली, कोअर (नगाच्या आतली पोकळी राखायला साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) हलला, काहीही झालं तरी कोणी बोलत नसे. फेटलिंगवाले, म्हणजे ओतलेले नग साफ करणारे, भोकांत लांबी भरत, वरून रंग मारत. १९९३ च्या सुमारास पुण्याच्या ग्राहकानं अख्खा ट्रक परत पाठवला. मालकांनी त्यातलं एक हेड वाळूच्या ढिगाजवळ स्टुलावर ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांना म्हणजे ठेकेदाराच्या माणसांनाही. ‘हे कोणी केलं’ असं त्यांनी विचारलं नाही. ‘आपल्यात हे का होतंय’ असं विचारलं. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एक म्हातारा मोल्डर म्हणाला, ‘दंड बंद करा, मग बोलतो.’

दोन तास वादावादी झाली. त्यातून एवढंच ठरलं की माल पुढे जाण्याआधी जो आपली चूक सांगेल, त्याचा एक पैसाही कापायचा नाही. लपवलेली चूक नंतर सापडली, तर ती ज्याची असेल त्यानं, मग तो मालक का असेना, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. हे ठेकेदाराच्या माणसांनाही लागू, असा हट्ट त्या म्हाताऱ्यानंच धरला. कारण कोअर करणाऱ्या सगळ्या बायका ठेक्यावर होत्या. त्याचं म्हणणं होतं, ‘कोअर खोटा तर माझा साचा खरा असून काय उपयोग?’

याची कसोटी महिन्याच्या आतच लागली. क्युपोलाचा, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी पेटवायचा, दिवस होता. सकाळपासून भट्टी पेटलेली, दुपारी एकला धातू पडायचा. साचे बंद करून झाले होते. साडेबाराला कोअरखात्यातल्या आक्का माझ्याकडे आल्या. पदरानं हात पुसत म्हणाल्या, ‘सायेब, दुसऱ्या ट्रेतलं कोअर कच्चं हाईत. ओव्हनचं दार माझ्याकडनं नीट लागलं न्हवतं.’

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेलात मळलेल्या वाळूचे कोअर ओव्हनमध्ये भाजावे लागतात. ते कच्चे राहिले तर तापलेलं लोखंड अंगावर येताच त्यांतून गॅस सुटतो आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या नगाच्या, पोटात भोकं पडतात. बाहेरून काही दिसत नाही. मशिनिंग करून पाण्याच्या दाबावर तपासायला घेतलं की गळती लागते. आक्का गप्प राहिल्या असत्या, तर ती चूक कोणाची हे कधीच कळलं नसतं. आणि पेटलेला क्युपोला काही घरातल्या स्टोव्हसारखा विझवता येत नाही.

मी मालकांकडे बघितलं. सगळं खातंच त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी वाळूत चर पाडायला सांगितले आणि साच्यांत जायचा धातू त्या चरांत ओतून टाकायला लावला. साचे उघडून कोअर बाहेर काढले, पुन्हा भाजले. त्या दिवसाचा कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, गेला, मजुरी गेली, मालाची गाडी दोन दिवस उशिरा निघाली. खरी गोष्ट मात्र शनिवारी घडली. ठेकेदारानं आपल्या जुन्या सवयीनं आक्कांची एका दिवसाची मजुरी कापली. मालकांना कळल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर ते पैसे आक्कांच्या हातावर ठेवायला लावले. ‘आपली माणसं’ म्हणजे कोण, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पुढे माझ्यावरही वेळ आली. शिफ्ट संपवायच्या घाईत लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, गार होत आलेलं लोखंड मी शेवटच्या सहा साच्यांत ओतायला लावलं. मोल्डर सांगत होता, मी ऐकलं नाही. सहाही नग वाया गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर उभा राहिलो तेव्हा जीभ उचलत नव्हती. फेटलिंगची विशीतली पोरं माझ्याकडे बघत होती. पण त्यानंतरच ती पोरं मला तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणू लागली. मोल्डर भट्टीवाल्याला टोकू लागला, भट्टीवाला कोक आणणाऱ्याला. पुण्याहून ट्रक परत येणं थांबलं.

आपल्या भागाला हे नवीन नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांच्या मदतीनं माळावर कारखाना उभा केला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी कारखान्याची राखण सोपवली. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्यानं विश्वास आधी टाकायचा असतो. हाताखालच्या माणसानं तो आधी मिळवून दाखवावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आज शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात साच्यावर बिहारची, ओडिशाची मुलं आहेत. बरीचशी ठेक्यावर. त्यांची ओळखपत्रं वेगळी, जेवायची जागा वेगळी, आणि फलकावरची भाषा त्यांना वाचताही येत नाही. कारखानदार बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. फलक खुशाल लावा, पण तो हिंदीत आणि ओडियातही लिहा. कामगारांना रिसॉर्टवर नेता तेव्हा या मुलांनाही बसमध्ये घ्या. आणि गेल्या वर्षभरात ज्यानं आपणहून काम थांबवलं, त्याच्या त्या महिन्याच्या पगाराचा कागद एकदा मागवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पुतण्यालाही मी हेच विचारलं, की तुमच्या शेडमध्ये असं कोणी मशीन थांबवलं होतं का, आणि त्याचं पुढं काय झालं? ‘बघून सांगतो’ म्हणाला. मी त्याच्या फोनची वाट बघतो आहे.

आपला,
एक निवृत्त साचेखाते सुपरवायझर, इचलकरंजी