चारशे ओळखी आणि तीन उत्तरे

सांगली, २ मार्च

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लिंक्डइनवर महिन्याभरात चारशे जणांशी ओळख झाली आणि त्या सर्वांना हळद पावडरीचे दरपत्रक धाडले, हे रविवारी तू उत्साहाने सांगितलेस. उत्तरे मात्र तीनच आली, हे सांगताना तुझा आवाज उतरला. ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

मसाला करणारा हळदीचा रंग आणि वास पाहतो, तर अर्क काढणारा आधी कुरक्युमिनचे, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचे, प्रमाण विचारतो. दोघांना एकच दरपत्रक गेले की आपण त्यांच्या धंद्याची चौकशीच केलेली नाही, हे त्यांना पहिल्या ओळीत कळते.

समक्ष भेटीवाचून संबंध जुळत नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. इंदूरच्या ज्या व्यापाऱ्यांचा उल्लेख तू लहानपणापासून घरात ऐकतेस, त्यांची माझी पहिली भेट व्हायला अकरा वर्षे लागली. तोवर सारे टेलिफोनवर आणि पोस्टाने धाडलेल्या नमुन्याच्या पुड्यांवर चालले होते. २००५ च्या महापुरात पाणी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांत, उतरले. अरुंद तोंडाच्या आणि आत रुंदावत जाणाऱ्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकते, या भरवशावर ठेवलेल्या आपल्या मालात त्यांच्यासाठी राखलेली हळदही होती. पेव उघडले त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन करून सांगितले की माल गेला आहे, आणि वाळवून विकण्याजोगी जी थोडी हळद दिसते आहे, तीही तुम्ही घेऊ नये. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामात, मी मागितली नसताना, त्यांनी आगाऊ रक्कम पाठवली. त्या दिवशी तुझी आई देवापुढे दिवा लावून रडली होती.

त्या चारशेंतून सध्या पंधराच जण निवड. ते काय बनवतात, माल कोठून घेतात, कशामुळे अडतात, हे त्यांनी लिहिलेले नीट वाच आणि मगच प्रत्येकाला वेगळे पत्र लिही. एखाद्याने हळद शिजवण्याबद्दल वा पॉलिशबद्दल विचारले, तर मागणीची आशा नसली तरी पूर्ण उत्तर दे. आपल्याकडे नसलेला माल ज्याच्याकडे आहे, त्याचा पत्ताही सांग. याला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

कोइमतूरच्या बाईंनी ‘ही सांगलीचीच हळद का’ असे विचारले आहे, त्याचे उत्तर तू टाळू नकोस. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच हळदीला लावता येते, हे खरे. परंतु आपल्या मार्केट यार्डात कर्नाटकातूनही हळद येते आणि तिचेही सौदे येथेच होतात, त्यामुळे सांगलीत विकत घेतलेली प्रत्येक हळद सांगलीची नसते. तू मागे नेलेल्या मालातले निम्मे कर्नाटकातले होते. तसेच त्यांना लिही.

नव्या हळदीचे दोन नमुने उद्याच्या कुरिअरने पाठवतो. लाल दोऱ्याची पुडी आपल्या शिवारातली आहे; ती अजून पुरती वाळलेली नाही, हेही त्यांना कळव.

तुझे बाबा