बायोडाटातला 'होमली' काढा

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

छोटीचा बायोडाटा मिळाला. तलावपाळीवरचा फोटो छान आलाय. पण त्यातला 'होमली' हा शब्द आजच्या आज काढा. इकडच्या स्थळांनाही पाठवणार आहात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आपल्याकडे 'होमली' म्हणजे घरात रमणारी, स्वयंपाकपाणी येणारी, मोठ्यांना धरून राहणारी. लग्नाच्या मराठी जाहिरातींतल्या 'गृहकृत्यदक्ष'चं काम इंग्रजीत या शब्दावर येऊन पडलं. अमेरिकेत मात्र माणसाला 'होमली' म्हटलं की तो दिसायला बेताचा. अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याचं वर्णन इथे हमखास याच शब्दाने करतात. म्हणजे मुलगी रूपाने डावी आहे, असं फोटोशेजारी आपणच लिहून देतोय! इथे वाढलेला मुलगा दुसरं काय समजेल?

ब्रिटनमध्ये हा शब्द चांगल्या अर्थाने चालतो, पण बहुतेक घराला, हॉटेलला, जेवणाला: साधं, आपलंसं वाटणारं. अमेरिकन त्यासाठी 'होमी' म्हणतात, स्पेलिंगमध्ये एल नाही. बाबा, तुम्ही म्हणाल की अमेरिकनांनी शब्द बिघडवला. तसं नाही. रूपाने साधारण हा अर्थ शेक्सपिअरच्या नाटकांतही आहे. ब्रिटनमध्ये तो मागे पडला, इथे टिकला.

'फॅमिली ओरिएंटेड' लिहिलंत तर दोन्हीकडे चालेल. पण मला विचाराल तर विशेषणच नको, ती काय करते ते लिहा. छोटी पुरणपोळी लाटते तेव्हा पुरण काठापर्यंत जातं आणि पोळी फुटत नाही. आजीच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या करून तीच भरून ठेवते. आणि पक्षी बघायला ती पहाटे येऊरला जाते, हे का गाळलंत? वागळे इस्टेटमधली नोकरी तर शेवटी 'शिवाय' म्हणून आलीये, ते मला फार खटकलं. ती पहिल्या ओळीत हवी.

'फेअर'ही काढा. इंग्रजीत त्याचा अर्थ सोनेरी केसांची असाही होतो, आणि मुळात मुलीचा रंग लिहायचाच कशाला?

नवा मजकूर आधी छोटीला वाचायला द्या. तिला पसंत पडला, तरच वधू-वर मंडळात नेऊन द्या.

तुमची,
थोरली